रंगाला अर्थ विचारताना

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे येथे तीन-चार पिढ्यांपासून स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांत गाण्याची जितकी जाण आढळते, तितकी चित्रांची आढळत नाही, हे मान्य करावयास हवे. जुन्या दिवाणखान्यात रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती, वाडवडिलांच्या तसबिरी आणि क्वचित एखादे निसर्गचित्र, एवढ्यावर आपली मजल थांबली. पुढे ज्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, केवळ रंग आहे, अशी चित्रे समोर आली तेव्हा आपण विचारले, ‘यात आहे तरी काय?’ एका शासकीय इमारतीसाठी चित्रे घ्यावयाच्या प्रकरणात ‘चित्र कळणारे असावे’ असा शेरा मी स्वतः नस्तीवर वाचला आहे. हा शेरा मारणारे अधिकारी आमीर खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालाचे मोठे भक्त होते. त्या आकाराचा अर्थ काय, असे त्यांनी कधी कोणास विचारल्याचे ऐकिवात नाही!

गंमत अशी की, रंगाकडे रंग म्हणून पाहण्याची वाट ज्यांनी आपल्या देशात रुळविली, त्यांतील काही माणसे आपल्याच वस्त्यांतून निघाली. इंदुरात 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी कलाशाळा सुरू केली. स्वतः वास्तववादी परंपरेत मुरलेल्या या शिक्षकाने विद्यार्थ्यांना कामचलाऊ नक्कल शिकविली नाही. वस्तूवर पडलेला प्रकाश पाहा, सावलीलाही रंग असतो, हे शिकविले. त्यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर तयार झाले. पंढरपुरात जन्मलेले व इंदुरात वाढलेले हुसेनही काही काळ त्याच शाळेत होते. माळव्यातील या मुलांची जाड, मोकळ्या फटकाऱ्यांची निसर्गचित्रे मुंबईच्या प्रदर्शनांत जाऊ लागली, तेव्हा तेथील जाणकारांनी त्यांची वेगळी दखल घेतली.

बेंद्रे यांचा जन्म 1910 चा, इंदूरचाच. होळकर महाविद्यालयातून 1933 मध्ये पदवी आणि पुढच्याच वर्षी मुंबईची कलेची पदविका. नंतर काही वर्षे काश्मीरमध्ये नोकरी, 1945 मध्ये शांतिनिकेतन, 1947-48 मध्ये अमेरिका. 1950 मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख झाले. ज्या शहरात रविवर्म्याने राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे रंगविली, त्याच शहरात साठ वर्षांनी एक इंदुरी मराठी माणूस घनवादाचे प्रयोग करीत होता आणि पुढे आकृतीच सोडून देऊन नुसत्या रंगाच्या पोतावर चित्र उभे राहते का, हे तपासीत होता. विद्यार्थ्यांना त्यांनी आपल्या शैलीचा शिक्का मारला नाही. शांती दवे आणि गुलाम रसूल संतोष अमूर्ताकडे गेले, तर गुलाम मोहम्मद शेख यांनी गोष्ट सांगणारी चित्रे काढली. अशा गुरूची थोरवी त्याच्या स्वतःच्या चित्रांइतकीच मोठी मानावी, असे माझे मत आहे.

1966 मध्ये बडोदे सोडून बेंद्रे मुंबईस आले आणि पुन्हा माणसांकडे वळले. पाणवठ्यावरच्या बायका, खेडुते, जनावरे. काही समीक्षकांना ही माघार वाटली. मला तसे वाटत नाही. कारण या चित्रांत माणसे असली तरी ती रंगाच्या असंख्य लहान ठिपक्यांनी घडलेली आहेत. निळ्याशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी तांबडा. रंग पॅलेटवर न मिसळता कॅनव्हासवर शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे. फ्रान्समध्ये सरा या चित्रकाराने 1880 च्या दशकात ही रीत शास्त्राच्या आधारे मांडली होती. त्यामागे शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाचा 1839 चा ग्रंथ होता. हे गृहस्थ पॅरिसच्या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. एखाद्या धाग्याचा रंग शेजारच्या धाग्यामुळे बदललेला दिसतो, हे त्यांनी तेथे ताडले. आपल्याला हे समजण्यास फ्रान्सला जावे लागत नाही. महेश्वरच्या मागावर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा धरला की धूपछाव कापड निघते. पदर हलला की तिसराच रंग चमकून जातो. आपल्या घरच्या बायका ही साडी निवडताना दारापाशी उजेडात धरून पाहतात. अमूर्त चित्राचे रसग्रहण याहून फार निराळे नाही. तेथे साडी नसते, एवढेच.

हीच वाट शेवटपर्यंत चालून गेले ते वासुदेव गायतोंडे. घराणे गोव्याचे, जन्म नागपूरचा, 2 नोव्हेंबर 1924. बालपण गोव्यात व गिरगावातील चाळीत. (त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीस कुमार गंधर्व जन्मले आणि पुढे आपल्या माळव्याचे झाले.) जे. जे. कलाशाळेतून 1948 मध्ये बाहेर पडल्यावर गायतोंडे जैन पोथ्यांतील आणि पहाडी शैलीतील लघुचित्रांचा अभ्यास करीत होते. त्या चित्रांतील राजे, नायिका, हत्ती यांपेक्षा त्यांना ओढ होती ती सपाट, निर्भय रंगांची. मग त्यांनी मनाशी एक प्रयोग केला. आकृती वगळल्या आणि रंगांचे परस्परांशी प्रमाण तेवढे पाहिले. पोथीतील कथा गेली तरी चित्र उरले! एका चित्रकाराने जुन्या चित्रांची याहून नेमकी रसिकता दाखविल्याचे माझ्या वाचनात नाही. परंपरा टाकून देऊन नव्हे, तर तिच्यात खोल पाहून हा माणूस अमूर्ताशी पोहोचला. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची ओढही त्यांना होती, आणि 1964 मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेल्यावर तेथील नवी रंगप्रधान चित्रे प्रत्यक्ष पाहता आली. पण बीज त्याआधीच पडले होते.

‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. मूर्त वस्तूतून काही काढून घेतले की अमूर्त होते. आपण कोणत्याही वस्तूपासून निघतच नाही, अशी त्यांची भूमिका होती. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांच्या चित्रांस अधिक शोभतो. काम अतिशय सावकाश चाले. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे होत. ब्रशऐवजी बहुधा रोलर आणि सुरी; रंगाचा पातळ थर द्यावयाचा, थांबावयाचे, खरवडावयाचे, पुन्हा थर. कागदाच्या फाटक्या तुकड्यांनी रंग उचलावयाचा वा ठेवावयाचा. बराच वेळ नुसते बसून पाहणे, हाही त्या कामाचाच भाग होता. ख्यालात दोन स्वरांमधील विसाव्याला जे स्थान, ते तेथे या थांबण्याला होते. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे चाहते होते.

मात्र संगीताची ही तुलना फार ताणू नये. आलापाला रागाचे बंधन असते. कोमल-तीव्र चुकले तर साधा श्रोताही कान टवकारतो. वस्तुनिरपेक्ष चित्राला बाहेरून घातलेली अशी चौकट नाही, म्हणूनच या क्षेत्रात भोंदूपणाही पुष्कळ झाला. पाच मिनिटांत रंग ओतून त्यास ‘ब्रह्म’ किंवा ‘शून्य’ असे नाव देणारे कमी नाहीत. खरे-खोटे ओळखण्याची एक साधी कसोटी मी वापरतो. चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे. लटके चित्र पहिल्या मिनिटातच संपते. गायतोंडे यांच्या चित्रात प्रथम एकच पिवळा दिसतो. मग त्याखालचा करडा, मग कडेने सरकणारा मातकट तांबडा. आणि मध्येच कोठेतरी उजेड आतून येत असल्यासारखा भासतो.

1984 मधील अपघातानंतर पुढील काही वर्षे त्यांना मोठे कॅनव्हास रंगविता आले नाहीत, आणि अखेरच्या वर्षांत तर रंगकाम थांबलेच. दिल्लीतील लहानशा जागेत ते एकटे राहत. चित्रे मनात होतच आहेत, असे ते भेटीस येणाऱ्यांना सांगत. 10 ऑगस्ट 2001 रोजी ते गेले. 2013 च्या डिसेंबरात मुंबईतील लिलावात त्यांचे 1979 चे एक चित्र 23 कोटी 70 लाख रुपयांस गेले आणि ज्यांनी कधी त्यांचे नावही ऐकले नव्हते, ते वर्तमानपत्रे उघडून बसले. 2014-15 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. बेंद्रे 1992 मध्येच निवर्तले होते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

दोघांचीही चित्रे पाहावयास दूर जावे लागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ती आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. मुलाबाळांना भेटावयास आपण तिकडे जातोच. पुस्तकातील छपाईवर समाधान मानू नये. एकावर एक चढलेले ते थर छापील कागदावर उमटत नाहीत.