पतितांचे पुनर्ग्रहण (ख्रिस्ती मंडळी)
इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डीशियसने देवतांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा कार्थेजमधील अनेक ख्रिस्ती डगमगले. काहींनी धूप जाळला, काहींनी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला. अर्पण केल्याचे असे पपायरसवरील दाखले ईजिप्तमध्ये सापडले आहेत. अशा डगमगलेल्यांना, म्हणजे पतितांना, परत घेतले तर निष्ठेला मोल उरणार नाही, हा रोममधील धर्मगुरू नोव्हेशियनचा आक्षेप हलका नव्हता. न डगमगता तुरुंगवास सोसलेले लोक समोरच होते. पण बिशप सिप्रियनच्या पुढाकाराने २५१ च्या कार्थेज धर्मसभेने प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासून प्रायश्चित्ताची वाट खुली ठेवली, आणि तेच योग्य होते: परतीची आशाच तोडली तर पश्चात्ताप कोण करील? सरसकट माफी मात्र सभेने नाकारली. पुढे पुन्हा छळाची चाहूल लागताच प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांना मंडळीत सामावून घेण्यात आले.