संशय, व्हिसा आणि विज्ञान : अमेरिकी सुरक्षा धोरणाचा ऐतिहासिक वेध

नाझी राजवटीने देशोधडीला लावलेल्या शास्त्रज्ञांना आश्रय देऊन अमेरिकेने विज्ञानजगतात मोठी सद्भावना संपादन केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. १९५२ च्या मॅककॅरन-वॉल्टर कायद्याने राजकीय विचारांच्या वा संबंधांच्या आधारे परकीयांना प्रवेश नाकारण्याचे व्यापक अधिकार शासनास प्राप्त झाले.

१९५४ मध्ये या कायद्याचा फटका नोबेल पारितोषिक विजेते पॉल डिरॅक यांना बसला. केंब्रिजचे हे प्राध्यापक पूर्वी अनेकदा प्रिन्स्टन येथे राहून आले होते. या वेळी मात्र त्यांना व्हिसा नाकारण्यात आला. त्यांनी सोव्हिएत रशियाला अनेक भेटी दिल्या होत्या आणि रशियन शास्त्रज्ञ पीटर कपित्झा हे त्यांचे निकटचे स्नेही होते. वास्तविक १९३४ मध्ये कपित्झांना केंब्रिजला परतू दिले नाही ते रशियानेच आणि त्यांच्या सुटकेसाठी डिरॅक यांनी खटपट केली होती. परंतु असे तारतम्य कायद्याच्या कलमांत कोठून असणार? प्रिन्स्टनच्या भौतिकशास्त्रज्ञांनी जाहीर निषेध नोंदविल्यावर शासनाने फेरविचार केला खरा. पण तोवर डिरॅक यांनी भारतात येण्याचे निश्चित केले होते. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्याने दिली. १९४५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. प्रिन्स्टनचे नुकसान ते मुंबईच्या तरुण संशोधकांचे भाग्य ठरले.

डिरॅक यांच्या बाबतीत प्रश्न एका दौऱ्याचा होता. छ्येन श्वेसेन यांच्या बाबतीत अमेरिकेने मोजलेली किंमत कितीतरी मोठी होती. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या उभारणीत सहभागी असलेल्या या चिनी अभियंत्याने १९४९ मध्ये अमेरिकी नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांची गोपनीय संशोधनाची परवानगी काढून घेण्यात आली. ते मायदेशी निघाले, तर त्यांना अटकाव झाला. पाच वर्षे नजरेखाली ठेवून १९५५ मध्ये त्यांना चीनला पाठविण्यात आले. पुढे चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांच्याच नेतृत्वाखाली उभा राहिला. ज्या ज्ञानाच्या रक्षणासाठी हा खटाटोप होता, ते ज्ञान शासनाने स्वहस्ते प्रतिपक्षाच्या स्वाधीन केले, असेच म्हणावे लागते.

शीतयुद्ध संपले, तरी ही वृत्ती संपली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर संवेदनशील विषयांत काम करणाऱ्या परदेशी संशोधकांची छाननी अधिक कडक झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये चेन्नईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाने रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना व्हिसा नाकारला. ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक आणि आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष होते. राष्ट्राध्यक्ष बुश यांचा भारतदौरा तोंडावर आलेला असल्याने देशभर संताप उसळला. अमेरिकेने खेद व्यक्त करून व्हिसा देऊ केला. परंतु मेहतांनी आपला दौरा आधीच रद्द केला होता.