शिकागोहून आलेली निळी पत्रं

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिची पत्र्याची पेटी उघडली. वर लुगडी, मध्ये जुनी पंचांगं आणि अगदी तळाशी सुतळीनं बांधलेली अकरा निळी पत्रं. एरोग्राम. आजच्या पोरांनी ते पाहिलेलं नसेल. एकच पातळ निळा कागद, लिहून झाला की त्याचीच घडी घालून पाकीट करायचं. उघडताना तीन बाजूंनी ब्लेड फिरवावं लागे, घाई केली की कडेची ओळ फाटून जाई. आमच्या अकरापैकी चार पत्रांची शेवटची ओळ अशीच गेलेली आहे. पत्ता सगळ्यांवर एकच : रिसोड, जिल्हा अकोला. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, तेव्हा पत्रं कधीच थांबली होती.

लिहिणारा आईचा चुलतभाऊ, आमचा मामा. रिसोडात मॅट्रिक, नागपुरात इंजिनिअरिंग आणि १९७० साली शिकागो. आमच्या गावाला तेव्हाही रेल्वे नव्हती, आजही नाही. वाशीमपर्यंत एस.टी.नं जाऊन त्यानं मीटरगेजची गाडी धरली होती, एवढं मला आठवतं. मी तेव्हा दुसरीत होते.

पुढे मी रिसोडच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहासाची साधनं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी, नाणी, असं फळ्यावर लिहून द्यायची. ही पत्रं वाचली आणि त्या यादीत एक भर घालावीशी वाटली. मुलगी शिकागोला अगदी लागून असलेल्या स्कोकी गावात राहते. तिच्याकडे मी दोनदा राहून आले, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा तिच्या बाळंतपणासाठी ऐन थंडीत. दोन्ही वेळा पत्रं पिशवीत होती आणि मामानं लिहिलेली ठिकाणं मी एकेक करून पाहिली.

सुरुवात केली ती १९७४ च्या पत्रापासून. त्यात मामा लिहितो : ‘ताई, डेव्हन नावाच्या रस्त्यावर पटेल भावांनी किराणा दुकान काढलं. तुरीची डाळ मिळाली. चार वर्षं मसुरीवर भागवलं.’ तुरीच्या मुलखात वाढलेल्या माणसानं चार वर्षं तुरीचं वरण खाल्लं नव्हतं. आईनं हे वाक्य शेजारणींना वाचून दाखवलं होतं आणि डोळे पुसले होते. पटेल ब्रदर्सचं ते पहिलं दुकान. पुढे अमेरिकेच्या शहराशहरात त्यांची दुकानं झाली.

डेव्हनवर मी १५५ नंबरच्या बसनं गेले. साड्यांची दुकानं, सोनार, मिठाई, हलाल मांस, उर्दू पाट्या, रशियन पाट्या, सिनेगॉग. रस्त्याच्या एका तुकड्यावर गांधी मार्ग अशी पाटी, दुसऱ्यावर मोहम्मद अली जिना वे, तिसऱ्यावर गोल्डा मायर बुलेवार्ड, चौथ्यावर शेख मुजीब वे. एकाच सरळ रस्त्याला ही चार नावं. मी बराच वेळ पाट्याच पाहत उभी होते. जावई म्हणाले, ‘आई, दुकान पुढे आहे.’ मला दुकानापेक्षा त्या पाट्यांनी धरून ठेवलं होतं.

कारण त्या पाट्यांच्या खाली आणखी थर आहेत. ही वस्ती वेस्ट रिज. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे जर्मन आणि लक्झेम्बर्गहून आलेले शेतकरी कोबी पिकवत. शेजारच्या रॉजर्स पार्कचे लोक त्यांना कोबीची डोकी म्हणून हिणवत. १८९३ मध्ये हे खेडं शिकागो शहरात सामील झालं. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर ज्यू कुटुंबं आली, त्यांतली पुष्कळशी शहराच्या पश्चिमेकडच्या लॉनडेल वस्तीतून. मग सत्तरच्या दशकात आपले लोक. त्यांच्या मागोमाग पाकिस्तानी, बांगलादेशी, असिरियन, रशियातून निघालेले ज्यू. आणि आता म्यानमारमधून परागंदा झालेले रोहिंग्या. त्यांचं सांस्कृतिक केंद्र २०१६ पासून याच रस्त्यावर आहे.

आमच्या गावातही पेठ अशीच भरत गेली. मारवाडी दुकानदार आले, मुसलमान कारागीर होतेच, बाजाराच्या दिवशी तांड्यांवरचे बंजारे येतात. पण आमच्याकडे आलेला माणूस बसला की पिढ्यान्‌पिढ्या बसतो. शिकागोत तो एका पिढीपुरता बसतो, हातात पैसा आला की उपनगरात घर घेतो, आणि त्याची जागा त्याच्याहून गरीब, त्याच्याहून नवा माणूस घेतो. मामा स्वतः डेव्हनजवळच्या भाड्याच्या खोल्यांत नऊ वर्षं राहिला आणि मग उपनगरात गेला. त्या खोल्या आधी एका ज्यू शिंप्याकडे होत्या, असं त्याच्या तिसऱ्या पत्रात आहे. दाराच्या चौकटीला त्यांची मंत्राची डबी ठोकलेली होती, ती मामानं काढली नाही. शेजारी आंब्याचं तोरण लावलं. कागदाचं, कारण आंब्याची पानं मिळत नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट आपले लोक फार कमी बोलतात, म्हणून मी ती जरा सविस्तर सांगते.

लॉनडेलमधून ज्यू डेव्हनकडे सरकले, तेव्हा लॉनडेलमध्ये कोण आलं? दक्षिणेच्या कापसाच्या शेतांतून निघालेले काळे लोक. त्यांच्या वस्त्यांना नकाशावर लाल रंग दिलेला असे आणि बँका तिथे कर्जच देत नसत. घरं हप्त्यांवर विकली जात आणि एक हप्ता चुकला की घर काढून घेत, आधी भरलेले पैसेही बुडत. १९६६ च्या जानेवारीत डॉ. मार्टिन लूथर किंग यांनी त्याच लॉनडेलमध्ये भाड्यानं घर घेतलं आणि ते तिथे राहायला आले. ५ ऑगस्टला मार्केट पार्क या गोऱ्या वस्तीतून त्यांचा मोर्चा निघाला, तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला. मिसिसिपी आणि अलाबामातही असा द्वेषानं पेटलेला जमाव आपण पाहिला नव्हता, असं ते नंतर म्हणाले. हे शिकागोत घडलं, दक्षिणेत नाही.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९४६ च्या कायद्यानं भारतातून वर्षाला फक्त १०० माणसांना अमेरिकेत कायमचं येता येत होतं. ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली आणि वंश व देश पाहून माणसं निवडण्याची जुनी पद्धत संपली. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ चा मतदानाचा कायदा आणि हा कायदा, तिन्ही एकाच हवेत जन्मले. ती हवा काळ्या लोकांनी मार खाऊन तयार केली होती. इंजिनिअर, डॉक्टर म्हणून आपली माणसं पुढच्या पाच-सात वर्षांत तिथे पोचली ती हुशार होती यात शंका नाही. पण दार उघडलं ते त्यांच्या हुशारीनं नव्हे. माझं हे मत मी तिथल्या दोन-तीन मराठी घरांत बोलून दाखवलं. एका घरात सगळे गप्प झाले. एका घरातल्या आजोबांनी मात्र मान डोलावली.

मामाला हे कळलं होतं. १९८३ च्या शेवटच्या पत्रात तो लिहितो की हेरॉल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले काळे महापौर झाले, निवडणुकीत ऑफिस उभं दुभंगलं, जेवणाच्या सुटीत दोन टेबलं झाली. तो नागरिक झाला होता. आयुष्यातलं तिथलं पहिलं मत त्यानं वॉशिंग्टन यांना दिलं होतं.

थंडीचं पत्र सगळ्या घराला पाठ होतं. १० जानेवारी १९८२ ला शिकागोचं तापमान उणे ३२ सेल्सिअसपर्यंत उतरलं. मामानं लिहिलं होतं की मिशीवर बर्फ जमला. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो. आई म्हणाली, ‘मंग राह्यतेच काहून तिथं?’ याचं उत्तर पत्रांत कुठेच नाही.

वडिलांसाठी एक पत्र वेगळं होतं. वडील बाजार समितीत मापारी होते. मामानं त्यांना लिहिलं : ‘भाऊजी, इथल्या धान्य बाजारात सौदे बोटांवरच होतात. पण रुमाल नाही. सगळ्यांच्या देखत.’ आपल्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून किंमत ठरवतात, ते वडिलांना चांगलं ठाऊक होतं. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हा धान्याचा सट्टा बाजार १८४८ सालचा. तिथे दलाल गोल खळग्यासारख्या जागेत पायऱ्यांवर उभे राहून ओरडत आणि हातानं खुणा करत. तळहात आपल्याकडे म्हणजे घेतो, तळहात समोर म्हणजे विकतो. वडिलांनी घरात ती खूण करून पाहिली होती, मला अजून दिसते.

त्या वेळी आमच्या यार्डात ज्वारी, तूर, मूग यायचा. सोयाबीन कोणी ऐकलंही नव्हतं. आज दिवाळीच्या आधी रिसोडचं यार्ड सोयाबीनच्या पोत्यांनी भरतं, आणि माझा भाचा रात्री मोबाईलवर शिकागोचा भाव पाहून झोपतो. तिथे सोयाबीनचे वायदे १९३६ पासून चालतात. तिकडे पेंडीचा भाव पडला की चार दिवसांत इकडे हर्रासीत बोली खाली येते. मी त्या इमारतीसमोर गेले होते. माथ्यावर धान्यदेवतेचा मोठा पुतळा आहे. ओरडण्याचे बहुतेक खळगे २०१५ मध्ये बंद झाले, आता जवळजवळ सगळं संगणकावर. पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी मी वडिलांच्या नावानं तिथे पाच मिनिटं थांबले.

आणखी एक जागा सांगते. १ मेला आम्ही शाळेत महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करायचो, आणि मी दरवर्षी मुलांना सांगायची की आज कामगार दिनही आहे आणि तो शिकागोचा आहे. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी तिथे संप झाला. ४ मेच्या हेमार्केटच्या सभेचं पत्रक इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत छापलं होतं. सभेत बॉम्ब पडला, पुढे चौघांना फाशी झाली. त्यांतले तिघे जर्मनीत जन्मलेले. म्हणजे हे शहर तेव्हाही असंच होतं, परक्या भाषेत हक्क मागणाऱ्यांचं.

मराठी माणसाचा तिथला मागही बराच जुना आहे. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले हे सगळ्यांना माहीत. त्याच व्यासपीठावर मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीनं बोलले, हे कितीजणांना माहीत आहे? पण त्यांच्यानंतर मोठा खंड पडला. १९६९ मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, आणि १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही त्याच शहरात सुरू झालं. मामाच्या एका पत्रात १९७२ चा गणपती आहे. चर्चचं तळघर भाड्यानं घेतलं होतं. मूर्ती एका बाईनं मुंबईहून मांडीवर घेऊन आणली. अथर्वशीर्ष एकालाच येत होतं आणि त्याची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून प्रतिष्ठापना दुपारी दोनला झाली.

डेव्हनवर गुजराती आहेत, हैदराबादी आहेत, पंजाबी आहेत. मराठी म्हणावं असं दुकान मला त्या रस्त्यावर दिसलं नाही. आपण तिथे भाड्याचे हॉल घेतले, नाटकं केली, मुलांसाठी शाळा चालवल्या, आणि रविवारी रात्री खुर्च्या परत रचून ठेवल्या. त्यामुळे कोबीवाल्यांचा, ज्यूंचा, पटेलांचा इतिहास रस्त्यावर वाचता येतो, आपला येत नाही. आपला आहे तो कागदांत. आणि तो कागद अमेरिकेत नाही. तो इथे आहे, रिसोड, मेहकर, कारंजा, पुसदच्या पेट्यांमध्ये, कारण पत्रं तिकडून इकडे आली.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कोणाचं अमेरिकेहून आलेलं निळं पत्र असेल तर ते रद्दीत घालू नका. लॅमिनेशन करू नका, शाई खराब होते. पोस्टाचा शिक्का दिसेल असा त्याचा फोटो काढा, आणि लिहिणारा कोण, कोणत्या गावचा, तिकडे काय काम करत होता, हे वेगळ्या कागदावर लिहून पत्रासोबत ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा, आणि या दिवाळीतच लिहा.