दमाचा हिशेब

‘दम’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ अर्थ श्वास. आपल्याकडे दम लागतो, दम धरावा लागतो, एखाद्याच्या अंगात दम असतो. म्हणजे श्वास आणि टिकाव हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदतात. मधुमेहाच्या इतिहासात मात्र या दोहोंची गाठ पडायला फार काळ गेला. मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण मधुमेह माझ्या घरात आहे, म्हणून हा इतिहास मी आस्थेने वाचत आलो.

सुश्रुतसंहितेत मधुमेहाचे वर्णन आहे. तिथे लक्ष आहे ते लघवीकडे. या रोगातला श्वास नीट टिपला तो १८७४ साली, जर्मनीतल्या अॅडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी. मरणाच्या दारात असलेले मधुमेही रुग्ण त्यांनी पाहिले. हातपाय गळालेले, शुद्ध हरपत चाललेली, आणि छाती मात्र लोहाराच्या भात्यासारखी खोल हलते आहे! श्वासाच्या वाटेत अडथळा कसलाच नाही. त्याचे कारण आज ठाऊक आहे. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साठते, आणि ते उतरवण्यासाठी फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतात. या श्वसनाला आजही कुसमाउल यांचेच नाव आहे.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तो त्यानंतर १३ वर्षे जगला. मधुमेही माणसाला आयुष्य मिळाले, आणि मगच या रोगाची संथ झीज डॉक्टरांच्या नजरेस येऊ लागली. डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा. श्वासाचे स्नायू या यादीत फार उशिरा आले.

यांतला मुख्य स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. दिवसाला सुमारे २० हजार वेळा तो हलतो. त्याला रजा नाही. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की स्नायूंना ती नीट वापरता येत नाही, नसा दुबळ्या होतात, छातीतल्या ऊती ताठर होतात. २०१२ साली इटलीतल्या संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे रुग्ण तपासले. त्यांच्या श्वासस्नायूंचा जोर आणि टिकाव, दोन्ही निरोगी माणसांपेक्षा कमी भरले. त्याआधी २०११ मध्ये ब्राझीलमध्ये असे स्नायू दुबळे झालेल्या रुग्णांना श्वास ओढण्याचा व्यायाम दिला गेला, तेव्हा त्यांचा जोर वाढला. गेलेले सारेच कायमचे जात नाही, एवढा दिलासा त्यात आहे.

मंडळी, आपण साखर तपासतो, डोळे दाखवतो, पायाची जखम जपतो. जिन्यावर दम लागला की मात्र ‘वय झालं’ म्हणून गप्प बसतो. त्यामागे हृदय असू शकते, फुप्फुस असू शकते, हे स्नायूही असू शकतात. निवाडा डॉक्टरांनी करायचा. आपण निदान त्यांना सांगावे, की पूर्वी तीन जिने एका दमात चढत होतो, आता दुसऱ्यावर थांबावे लागते.