उन्हातले आणि सावलीतले

वर्गाच्या आतून, खिडकीकडे तोंड करून फोटो काढला तर काय होते ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. बाहेरचे झाड नीट आले तर बाकावरची मुले नुसत्या काळ्या आकृत्या होतात. मुलांचे चेहरे नीट यावेत असा कॅमेरा लावला तर खिडकी म्हणजे एक कोरा पांढरा चौकोन उरतो. आपल्या डोळ्यांना मात्र झाडही दिसते आणि चेहरेही.

दोष एकट्या कॅमेऱ्याचा नाही. बाहेरचे ऊन आणि खोलीतली सावली यांच्या तेजात हजारास एक किंवा त्याहूनही जास्त फरक असू शकतो. उलट, चकचकीत फोटोच्या कागदावरील सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या साधारण शंभरपट प्रकाश परत पाठवतो. साध्या छापील कागदावर हे गुणोत्तर आणखी कमी असते. म्हणजे मोठ्या पेटीतले सामान लहान पेटीत बसवायचे आहे. सगळेच सारख्या प्रमाणात दाबले तर चित्र फिके आणि मळकट दिसते. कारण बारीक तपशील दाखवणारे लहान फरकही त्यात दबून जातात. उजेड-अंधारातील या फरकालाच आपण कॉन्ट्रास्ट म्हणतो.

यावर उपाय एकच. चित्राच्या प्रत्येक भागातला कॉन्ट्रास्ट वेगवेगळा ठरवायचा. छायाचित्रकार हे दीडशेहून अधिक वर्षे करत आले आहेत. पण असे केल्यावर त्या चित्रातले नेमके काय खरे राहते आणि काय राहत नाही, हा प्रश्नही तेवढाच जुना आहे.

डार्करूममधील हात

१८५० च्या दशकात वापरात असलेल्या कलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे होऊन जाई. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काढलेल्या समुद्रचित्रांपैकी काहींत यावर तोड काढली. आकाशासाठी एक निगेटिव्ह आणि पाण्यासाठी दुसरी घ्यायची, आणि छापताना दोन्ही क्षितिजरेषेवर जुळवायच्या. लोकांना ही चित्रे फार आवडली. मात्र ते ढग आणि त्या लाटा एकाच क्षणी तिथे होत्या, असे त्या चित्रावरून म्हणता येत नव्हते.

पुढे एन्लार्जर आल्यावर काम सोपे झाले. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडत असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये हलवत धरला, तर तेवढ्या भागावर कमी प्रकाश पडतो आणि तो भाग उजळ उमटतो. याला डॉजिंग म्हणतात. याउलट भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून एखाद्या भागावर जास्त वेळ प्रकाश पाडला तर तो गडद होतो. ते बर्निंग.

या कामात अमेरिकेचा ॲन्सेल ॲडम्स निष्णात होता. न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे त्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. निगेटिव्हमध्ये पुढचा भाग, म्हणजे दफनभूमीतील क्रूस आणि घरे, कमजोर उमटला होता. १९४८ मध्ये ॲडम्सने निगेटिव्हच्या तेवढ्याच भागावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला. सुरुवातीच्या प्रतींमध्ये आकाशात फिकट ढग दिसतात. नंतरच्या प्रतींमध्ये बर्निंग करून त्याने आकाश जवळजवळ काळेभोर केले. एकाच निगेटिव्हच्या या प्रती शेजारी ठेवल्या तर वेगवेगळ्या वेळी काढल्यासारख्या वाटतात.

ॲडम्सने या छायाचित्राची तारीख लिहून ठेवली नव्हती. चंद्राचे स्थान आणि कॅमेऱ्याची जागा यांवरून गणित मांडून १९९१ मध्ये डेनिस डिसिको यांनी ती काढली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे. आकाशाचा रंग एवढा बदलूनही हे गणित का चुकले नाही? कारण ॲडम्सने तेज बदलले होते, जागा बदलल्या नव्हत्या. काय कुठे आहे ही माहिती शाबूत राहिली. काय कशापेक्षा किती उजळ आहे, ही माहिती मात्र गेली.

अस्पष्ट प्रतीचा उपयोग

हाताने केलेल्या डॉजिंगमध्ये कुठे किती हे माणूस ठरवतो. तेच काम एखाद्या नियमाने करता येईल का? ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकात ‘अनशार्प मास्किंग’ ही पद्धत खगोलीय छायाचित्रांसाठी प्रभावीपणे वापरली. दीर्घिकेचा किंवा तेजोमेघाचा मध्य इतका प्रखर असतो की साध्या प्रतीत तिथला तपशील हरवतो. मूळ काचेवरून एक मुद्दाम अस्पष्ट आणि फिकी उलट प्रत बनवायची आणि ती मूळ काचेला जोडून दोन्हींतून प्रकाश सोडायचा. अस्पष्ट प्रतीत बारीक तपशील नसतो, फक्त ढोबळ उजेड-अंधार असतो. तो मूळ काचेतील ढोबळ उजेड-अंधाराला बराचसा खोडून काढतो. बारीक तपशील तेवढा राहतो. आजच्या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये याच नावाची सोय आहे. काचेऐवजी तिथे वजाबाकी होते.

आकडे आणि गुणवत्ता यादी

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाची चित्रे पाठवली. प्रत्येक चित्र २०० गुणिले २०० बिंदूंचे आणि प्रत्येक बिंदूचे तेज ० ते ६३ मधील एका आकड्याने सांगितलेले. मूळ चित्रे फार फिकी होती. त्या आकड्यांमधील फरक गणिताने ताणल्यावर मंगळावरची विवरे स्पष्ट दिसली.

आकडे ताणण्याची एक सर्रास वापरली जाणारी रीत शिक्षकांना चांगलीच परिचित आहे: गुणवत्ता यादी. बिंदूचे तेज म्हणजे विद्यार्थ्याचे गुण, आणि चित्रात त्याला द्यायची करडी छटा म्हणजे त्याचा क्रमांक. समजा अ तुकडीचे गुण ७५ ते ९५ आहेत आणि ब तुकडीचे ३५ ते ५५. साऱ्या शाळेची एकच यादी केली तर ब तुकडीच्या वाट्याला तळाचे अर्धेच क्रमांक येतात. प्रत्येक तुकडीची वेगळी यादी केली तर ब मधील मुलांमधला फरकही पुरेपूर दिसतो. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाची अशी वेगळी यादी करायची, ही ती पद्धत. १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीफन पायझर आणि सहकाऱ्यांनी तिचा व तिच्या प्रकारांचा सविस्तर विचार मांडला. त्यांच्यासमोर सीटी स्कॅनसारखी वैद्यकीय चित्रे होती.

यात एक अडचण येते. क तुकडीत सर्वांचे गुण ६० ते ६१ च्या दरम्यान असतील तर? यादीत तरीही पहिला आणि शेवटचा येणारच. पाव गुणाचा फरक, जो कदाचित तपासण्यातलाच असेल, तो मोठा दिसू लागेल. चित्रात हे निरभ्र आकाशात किंवा कोऱ्या भिंतीवर घडते: यंत्राचा खरखरीतपणा ठसठशीत होतो. म्हणून ठरावीक फरकाला यादीत जास्तीत जास्त किती अंतर द्यायचे, यावर मर्यादा घालतात. या सुधारित पद्धतीचा प्रोग्रॅम कारेल झाउडरव्हेल्ड यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. चौकोनांच्या कडा दिसू नयेत म्हणून शेजारच्या चौकोनांच्या उत्तरांची भारित सरासरी घेतात.

दुसरी अडचण मात्र मर्यादा घालून सुटत नाही. अ तुकडीतील पाचवा आणि ब तुकडीतील पाचवा यांची तुलनाच होऊ शकत नाही. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक आकड्याला अर्थ असतो: पाणी ०, हवा उणे १०००. चौकोनागणिक ताणलेल्या चित्रात एकाच करड्या छटेचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा होऊ शकतो. गाठ कुठे आहे, तिची कड कशी आहे हे अशा चित्रात चांगले दिसेल. ती गाठ पाण्याची की चरबीची, हे ठरवायला मूळ आकड्यांकडेच जावे लागेल.

वर्तमानपत्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर बराच काळवंडून छापला. ‘न्यूजवीक’ने त्याच आठवड्यात तोच फोटो फारसा न बदलता छापला. दोन्ही अंक शेजारी मांडलेले लोकांनी पाहिले. कृष्णवर्णीय आरोपीला अधिक भयंकर दाखवल्याची टीका झाली. चेहऱ्याचे नाकडोळे जागच्या जागी होते. बदलले होते ते फक्त तेज. पण बातमीत ते तेजही साक्षीचा भाग होते.

आज मोबाइल फोन उन्हातल्या आणि सावलीतल्या भागांची ही जुळवाजुळव आपल्याला न विचारता करतो, आणि रोजच्या वापरात ती सोयीची आहे. पण विद्यार्थी फोटोवरून एखाद्या द्रावणाचा रंग किंवा दिव्याचे तेज मोजू लागले, तर शिक्षकांनी सावध व्हावे. लांबी-रुंदीचे गुणोत्तर अशा फोटोवरून काढता येईल; तेजाची तुलना नाही.

करून पाहा: करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापा. एक पांढऱ्या आणि एक काळ्या कागदाच्या मधोमध चिकटवा. वर्गाला विचारा, कोणता अधिक गडद आहे? बहुतेक मुले पांढऱ्यावरचा म्हणतील. आता भोवतालचे कागद झाकून पुन्हा विचारा. चौकोनागणिक यादी करण्याची सवय आपल्या डोळ्यांनाही आहे, हे त्यांच्या लक्षात येईल. मग हा प्रश्न फळ्यावर लिहा: दोन ठिकाणचे तेज खात्रीने ताडून पाहायचे असेल, तर नुसत्या डोळ्यांऐवजी काय वापराल?