दारिद्र्यमोजणी व धर्मादाय कार्य (सिन्नर–संगमनेर परिसर)

सिन्नर (जि. नाशिक) आणि त्याला लागून असलेला संगमनेर (जि. अहिल्यानगर) या तालुक्यांच्या पर्जन्यछायेतील कोरडवाहू पट्ट्यात धार्मिक प्रेरणेतून झालेले दारिद्र्यनिवारणाचे काम व त्याची मोजमापे. येथे अन्नदानाची परंपरा जुनी आहे. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर तालुक्यातून जाते, तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांना पंगत घालतात. पंगतीत ऐपत विचारली जात नाही, हे तिचे मोठेपण. उरलेल्या वर्षात कोणाच्या चुलीवर काय शिजते, हे मात्र तिला कळत नाही.

दारिद्र्याची शासकीय मोजणी प्रामुख्याने खर्चावर आधारलेली राहिली. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांकांचा आहार आधार धरून १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरडोई दरमहा १५ रुपये, तर शहरांसाठी २२.५० रुपये ही रेषा मांडली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साठी ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरडोई दरमहा ९६७ रुपये होती. नमुना पाहणीतून टक्केवारी मिळते, गावातले घर सापडत नाही. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणाने १३ निकषांवर घरोघर गुण दिले खरे. पण विहीर असूनही चैत्रात टँकरपुढे हंडे लावणारे घर अशा गुणांत नीट बसत नाही.

या पट्ट्यात वेगळी वाट काढली ती फादर हर्मन बाखर (१९२४–२०२१) या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी. १९७२ च्या दुष्काळात मिशनरी संस्थांनी धान्याच्या मोबदल्यात विहिरी व बांधांची कामे काढली. धान्य संपले की भूक परत येते, हे दिसल्यावर बाखर पाण्याकडे आणि मातीकडे वळले. जर्मन मदतीतून नाबार्डमार्फत चाललेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ (वॉटर) ही त्याची फळे. वॉटर ही संस्था धर्मनिरपेक्ष आहे.

कामाची रीत माथा ते पायथा अशी: आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नालाबांध. गावाने श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करायची. आराखडा शिवारफेरीत, नवरा-बायको दोघांना बांधावर उभे करून, शेतजमिनीच्या एकेका गटानुसार ठरे. मोजणीही गावाकडेच आली. प्रत्येक घराची एक चिठ्ठी करून गावकरी त्यांचे ढीग लावतात आणि अतिगरीब कोण, गरीब कोण, बरे चाललेले कोण हे ठरवतात. बागायत किती, जनावरे किती, दिवाळीनंतर मजुरीला कोण बाहेर पडते, घर एकट्या बाईवर आहे का, असले प्रश्न तिथे निघतात. या लेखकाच्या मते अतिदारिद्र्य ओळखण्याची ही सर्वांत प्रामाणिक पद्धत आहे. फक्त ढीग लावताना वस्तीवरची माणसेही हजर हवीत.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत हे काम १९९६ ते २००१ या काळात झाले. पूर्वी तेथे फेब्रुवारी ते जून टँकर लागे आणि शेतमजुरी वर्षातून ३-४ महिने मिळे. नंतर टँकर थांबला, काम ९-१० महिने मिळू लागले आणि २०-३० रुपयांची दिवसाची मजुरी ४०-५० वर गेली. कामाचे महिने आणि टँकरचे महिने ही दोन मापे इथल्या गरिबीबद्दल रुपयांच्या रेषेपेक्षा जास्त सांगतात.

तरीही पाणी वाढले की पहिला लाभ जमीनवाल्याला होतो. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना बसतो. त्यांना गायरान आणि वनजमीन हाच आधार असतो. म्हणून काम संपल्यावर चिठ्ठ्यांचे ढीग पुन्हा लावले पाहिजेत, आणि अतिगरिबांच्या ढिगात कोण उरले हे आधी पाहिले पाहिजे.