शालेय समुपदेशन (भिवंडी)

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. इथे शालेय समुपदेशन परीक्षेचा ताण किंवा दहावीनंतरची शाखानिवड एवढ्यावर संपत नाही. मुलाला शाळेत टिकवणे हाच त्याचा गाभा ठरतो. मागांवर राबणारी अनेक कुटुंबे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली. धंद्यात मंदी आली की काही जण गावी परततात आणि मुलांचे शिक्षण वर्षाच्या मध्येच तुटते. पुन्हा भिवंडीत आलेले मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा तो आळस समजला जातो. समुपदेशक त्यामागचे कारण शोधतो, पालक आणि शिक्षकांना एकत्र बसवतो. हे तर वर्गशिक्षकही करतात, असा आक्षेप असतो. तो खोटा नाही. पण गुण देणाऱ्या, शिस्त लावणाऱ्या माणसापाशी मूल घरातल्या मारहाणीबद्दल सहसा बोलत नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या निकषांत समुपदेशकाचे पद नाही, ही मोठीच उणीव. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवायचा आहे. भिवंडीत उर्दू, मराठी, हिंदी माध्यमांच्या शाळा आहेत; त्यामुळे नेमणुकीत पदवीइतकेच मुलाच्या घरची भाषा येण्यालाही वजन द्यायला हवे.